वाट राखणारी माणसं

खडोलीला कोणी फिरायला येत नाही. सिल्वासाला येणारी मुंबई-सुरतेची मंडळी दादऱ्याच्या वनगंगा उद्यानात फोटो काढतात, वासोण्याला सिंह बघतात, दुधनीला होडीत बसतात आणि खानवेलला एक मुक्काम करून सोमवारच्या आत घरी पोचतात. खडोली त्यांना दिसलीच तर गाडीच्या काचेतून दिसते: कारखान्यांची फाटकं, पाळी सुटल्यावर सायकली काढणारे कामगार, चहाच्या टपऱ्या आणि माल भरायची वाट बघत उभे असलेले ट्रक. या सगळ्याच्या मागे टेकड्या आहेत, साग आहे, खैर आहे. पण तिकडे मान वळवायला सवड कुणाला?

त्या टेकड्यांवरच्या पायवाटा मात्र कारखान्यांपेक्षा कितीतरी जुन्या आहेत. सगळा दादरा नगर हवेली मिळून ४९१ चौरस किलोमीटरचा मुलूख, आणि त्यातला चाळीस टक्क्यांच्या आसपास भाग कागदोपत्री जंगल. वारली, कोकणा, धोडिया लोकांची घरं आपल्या देशावरच्या गावांसारखी एका जागी दाटीवाटीने नसतात. ती पाड्यापाड्यांनी विखुरलेली असतात. पाड्यापासून नदीपर्यंत वाट, पाड्यापासून बाजारापर्यंत वाट, सोयरिकीच्या पाड्यापर्यंत वाट. जमिनीच्या कागदावर या वाटांची नोंद सापडत नाही. ती असते चालणाऱ्यांच्या पायात.

अशा वाटा दोन प्रकारांनी गेल्या. दमणगंगेवर मधुबन धरण झालं तेव्हा खोऱ्यातल्या काही वाटा पाण्याखाली गेल्या, आणि हाकेच्या अंतरावरचे पाडे होडीच्या अंतरावर गेले. दुसरा प्रकार सावकाशीचा. एक भिंत उभी राहते, वाट तिला वळसा घालते. मग दुसरी भिंत येते, वाट आणखी बाजूला सरकते. असं करत करत ती एक दिवस डांबरी रस्त्याला येऊन मिळते आणि मग डोक्यावर मोळी घेतलेली बाई ट्रकच्या चाकाशेजारून चालताना दिसते. यात कुणी मुद्दाम कुणाचं वाईट केलेलं नसतं. वाट कुणाच्या नावावर नव्हती, एवढंच.

आम्ही दहा-बारा जण सुटीच्या दिवशी सकाळी इथल्या टेकडीवर चालायला जातो. सगळे कारखान्यांतलेच. कुणी खान्देशातला, कुणी डहाणूचा, दोघे ओडिशाचे. गेल्या पावसाळ्यानंतर वाटेची अवस्था बघून एकाच्या मनात आलं की आपण हिचं काहीतरी करू. पाट्या लावू, दगडांवर बाण काढू, अवघड जागी पायऱ्या बांधू. कारखान्यांतली पोरंबाळं रविवारी वर येतील. बोलणं रंगात आलं. आमच्या ओळखीचे एक वारली गृहस्थ आहेत, आम्ही त्यांना काका म्हणतो. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, ‘पाणी कुठून काढणार?’

आमच्यातल्या कुणालाच उत्तर देता आलं नाही. पण आमच्यातला डहाणूचा मित्र पालघर जिल्ह्यातल्या गडांवर श्रमदानाला जाणाऱ्या मंडळींना ओळखत होता. त्यांची पुढची मोहीम अशेरीगडावर होती. तो म्हणाला, चला, तिथेच विचारू.

आपल्या वाचकांपैकी बहुतेकजण अशेरीला मुंबई-अहमदाबाद महामार्गानेच जातील. आम्ही खडोलीहून खानवेल, उधवा, सायवन, कासा असा आतला रस्ता धरला. हा रस्ता एकदा तरी करावा असा आहे. खानवेल सोडलं की सागाची दाटी सुरू होते आणि थोड्याच वेळात कळतही नाही अशा ठिकाणी केंद्रशासित प्रदेश संपून महाराष्ट्र लागतो. पाटी वाचली नाही तर फरक समजणार नाही. दोन्हीकडची माणसं तीच, भाषा तीच, घरांच्या कुडाच्या भिंती त्याच. सीमा म्हणजे काय, हे ज्याला मुलांना समजावून द्यायचं असेल त्याने त्यांना इथे आणावं. याच हवेलीच्या पोटात मघवाळ नावाचं गुजरातचं एक गाव आहे, चहूबाजूंनी हवेलीने वेढलेलं. नकाशा काढणाऱ्याची गंमत म्हणायची. तिथल्या पायवाटांनी ती रेघ कधी मानली असेल असं वाटत नाही.

उधव्याला थांबून चहा घेतला. या गावाचं नाव हवेलीच्या इतिहासात आहे आणि ते फार थोड्यांना माहीत असतं. १९५४ च्या जुलैत दादरा मुक्त झालं, २ ऑगस्टला सिल्वासा. आझाद गोमंतक दलाचे, राष्ट्रीय स्वयंसेवक संघाचे आणि इतर संघटनांचे तरुण त्यात होते. सुधीर फडके, बाबासाहेब पुरंदरे ही नावं आपल्या घराघरांत ठाऊक आहेत. सिल्वासा पडण्याआधी पोर्तुगीज कॅप्टन फिदाल्गो आपले पोलीस घेऊन खानवेलकडे सरकला होता. शेवटी ११ ऑगस्ट १९५४ रोजी तो सीमा ओलांडून या उधव्यात आला आणि भारतीय पोलिसांच्या स्वाधीन झाला. आम्ही मोटारीने घटकाभरात केलेलं हे अंतर त्या लोकांनी भर श्रावणात, चिखलातून आणि वाहत्या ओढ्यांतून कापलं असणार. त्या वेळी इथे कोणती वाट होती, ती दाखवून दिली कुणी, याचा उल्लेख कुठल्या पुस्तकात माझ्या वाचनात आलेला नाही. वाटाड्याचं नाव इतिहासात सहसा राहत नाही.

सायवनच्या बाजूला गंभीरगडाचा डोंगर दिसतो. कासा ओलांडून चारोटीजवळ आलं की विवळवेढ्याच्या महालक्ष्मीमागचा मुसळ्या डोंगर. चैत्र पौर्णिमेच्या यात्रेत वाघाडी गावचा पुजारी मध्यरात्री त्या डोंगराच्या टोकावर देवीचा ध्वज लावतो. हजारो लोक खाली उभे राहून वर बघत असतात. रात्रीच्या अंधारात तो उभा चढ चढणाऱ्या माणसाला कुणी पाटी लावून ठेवलेली नसते. त्याला वाट पाठ असते, कारण त्याच्या आधीच्या पिढीने त्याला ती चालून दाखवलेली असते. वाट टिकवायची ही सगळ्यात जुनी पद्धत. आणि खरं सांगायचं तर सगळ्यात स्वस्तही.

डहाणू तालुका आला की जिव्या सोमा म्हसे यांची आठवण निघतेच. गंजाडजवळच्या पाड्यावर राहून ज्यांनी वारली चित्रकला जगभर नेली, २०११ मध्ये ज्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये जे गेले, ते म्हसे. त्यांच्याविषयीची एक गोष्ट या लेखाच्या विषयाला चपखल बसते. रिचर्ड लाँग नावाचे एक ब्रिटिश कलावंत आहेत. विद्यार्थी असताना, १९६७ मध्ये, ते लंडनहून आगगाडीने बाहेर पडले, एका गवताळ माळावर एकाच रेषेत परत परत येरझारा घातल्या आणि गवत दबून जी सरळ पायवाट उमटली तिचा फोटो काढला. एवढंच. त्या फोटोने त्यांचं नाव झालं. हेच लाँग २००३ च्या सुमारास आपल्या वारली मुलखात आले, इथे चालले, आणि त्यांचं आणि म्हसे यांचं काम शेजारी शेजारी मांडलेलं प्रदर्शन त्याच वर्षी जर्मनीतल्या ड्युसेलडॉर्फ शहरात भरलं. तिकडच्या लोकांना वाट ही कलाकृती म्हणून काचेआड बघावी लागली. म्हसे यांच्या चित्रांत ती माणसांच्या, बैलांच्या, मुंग्यांच्या रांगांमधून सहज वाहत असते, कारण त्यांच्या अंगणातूनच ती जात होती.

खोडकोना हे अशेरीच्या पायथ्याचं गाव, मस्तान नाक्याच्या अलीकडे महामार्गापासून आत. सकाळी साडेसातला पोचलो तेव्हा श्रमदानाची मंडळी जमली होती. पंचवीस-तीस जण, कॉलेजची मुलं-मुली, दोन रिक्षावाले, एक बँकेतल्या बाई आणि सगळ्यांचे म्होरके एक शाळामास्तर. गावातले दोन तरुण आणि एक आजोबा बरोबर होते. सामान म्हणजे कोयते, कुदळी, चार पहारी, घमेली आणि पाण्याचे कॅन. आपल्या जिल्ह्यात अशा कामाची परंपरा आता चांगली रुजली आहे. किल्ले वसई मोहिमेच्या मंडळींनी वसईच्या कोटापासून सुरुवात करून उत्तर कोकणातल्या गडकोटांकडे तरुणांना वळवलं. मुंबई-पुण्याकडे तर असे गट ठिकठिकाणी आहेत, आणि मुलुंडच्या महाराष्ट्र सेवा संघात २००२ पासून भरणाऱ्या गिरीमित्र संमेलनात त्यांची दरवर्षी गाठ पडते.

अशेरी हा साधासुधा गड नव्हे. पोर्तुगीजांनी तो १५५६ मध्ये घेतला आणि जवळजवळ दोन शतकं धरून ठेवला. त्यांच्या राजचिन्हाचा कोरीव दगड अजून वर आहे. वसईच्या मोहिमेच्या काळात, १७३७ ते ३९ दरम्यान, तो मराठ्यांकडे आला. मग १८१८ आलं. पेशवाई बुडाल्यावर इंग्रजांनी सह्याद्रीतल्या किल्ल्यांचं काय केलं, हे आपण शाळेत ‘किल्ले उद्ध्वस्त केले’ अशा एका वाक्यात शिकतो. प्रत्यक्षात पुष्कळ ठिकाणी त्यांनी तटबंदी पाडायचे कष्ट घेतलेच नाहीत. त्यांनी वाट तोडली. कातळातल्या पायऱ्यांना सुरुंग लावला की वरचा तट, टाकी, वाडे, कोठारं सगळं जागच्या जागी राहून निरुपयोगी झालं. अलंग-कुलंगकडे हेच झालं, अशेरीलाही हेच. नाशिककडच्या हरिहरच्या पायऱ्या तेवढ्या वाचल्या आणि आज त्या चढायला शनिवार-रविवारी रांग लागते. किल्ला मारायचा तर त्याची वाट मारा, हे त्या गोऱ्या अधिकाऱ्यांना नेमकं कळलं होतं.

त्या तुटलेल्या जागी आता लोखंडी शिडी आहे. शिडी नव्हती तेव्हा कातळातल्या खोबणींत बोटं रोवून वर जावं लागे. जुने भटके शिडीला नाकं मुरडतात. मला स्वतःला शिडी आवडली. ज्या वाटेवर एक राजवट जाणूनबुजून माणसं चढू नयेत म्हणून सुरुंग लावून गेली, तिथे पुन्हा गावातल्या म्हाताऱ्या बाया देवीला जाऊ शकतात, यात वाईट काय? वर गुहेत देवी आहे, आणि तिच्या दर्शनाला जाणाऱ्यांना थरार नको असतो.

पण त्या दिवसाचं काम शिडीवर नव्हतंच. ते होतं खिंडीच्या खालच्या झाडीत, जिथे फोटो काढण्यासारखं काहीही नाही. तिथे वाट म्हणजे एक घळ झाली होती. काही ठिकाणी गुडघाभर, एका जागी माझ्या कमरेपर्यंत. मास्तरांनी नव्या मुलांना बोलावलं आणि आजोबांना म्हणाले, ‘बाबा, दाखवा.’ आजोबांनी पाण्याच्या कॅनचं झाकण काढलं आणि वाटेच्या मधोमध तांब्याभर पाणी ओतलं. पाणी बाजूला गेलं नाही; वाटेवरूनच धावत खाली गेलं, जाताना माती घेऊन गेलं. ‘हे तांब्याभर,’ ते म्हणाले. ‘आता आषाढातलं धरा.’

खडोलीच्या काकांच्या प्रश्नाचा अर्थ आम्हाला तिथे समजला. डोंगरातली वाट पायांनी झिजते त्यापेक्षा कितीतरी जास्त पाण्याने झिजते. आपण चालून चालून माती घट्ट करतो, गवत मारतो, एक पन्हळ तयार होते आणि पावसाला खाली जायला तयार रस्ता मिळतो. या पट्ट्यात चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरच्या आगेमागे पाऊस पडतो. वाट खचली की लोक तिच्या काठावरून चालू लागतात, तो काठ दबतो, तिथे दुसरी पन्हळ होते. दहा वर्षांत एका वाटेच्या चार घळी होतात आणि मधली झाडं मुळं उघडी पडून आडवी होतात.

उपाय तसा साधा आहे. वाटेवर ठरावीक अंतराने आडवा दगड किंवा ओंडका पुरायचा, आणि पाणी दरीच्या अंगाला काढून द्यायचं. यातली मेख अशी की दगड वाटेला काटकोनात टाकायचा नाही. काटकोनात टाकला तर पाणी त्याला अडतं, गाळ टाकतं, आणि दुसऱ्या पावसात वरून उडी मारून जातं. तो तिरका हवा. जवळजवळ अर्धा काटकोन. मग पाणी न थांबता दगडाच्या कडेने घसरत बाहेर पडतं आणि गाळही बरोबर नेतं. दगडाचा दोन तृतीयांश भाग जमिनीत हवा, नाहीतर गुरांच्या खुरांनी तो उखडतो. आणि जिथे पाणी बाहेर पडणार तिथे हातभर चर खणून, त्याच्या तोंडाशी मोठे धोंडे टाकायचे, म्हणजे तिथे नवा ओढा तयार होत नाही. आम्ही दुपारपर्यंत असे नऊ बांध घातले. नऊ! तीस माणसांनी, पाच तासांत. पहार धरल्यावर समजतं की वाट बांधणं म्हणजे काय.

पायऱ्यांबद्दलही मास्तरांचं मत ठाम होतं. पायरी उंच झाली की माणूस तिच्यावरून चढत नाही, शेजारून चढतो. मग पायरी तशीच राहते आणि शेजारी घळ पडते. त्यामुळे पायरी वीतभरापेक्षा उंच करायची नाही, आणि गरज नसेल तिथे करायचीच नाही. नागमोडी वळणावर लोक आडवाट पाडतात, तिथे करवंदीच्या काटेरी फांद्या टाकून ती बंद करायची. हे सगळं झाल्यावर वाट कशी दिसते? काही केलंय असं वाटतच नाही. चांगल्या कामाची खूण तीच, असं ते म्हणाले. देणगीदारांना मात्र हे पटवून देणं जड जातं, हेही त्यांनीच हसत सांगितलं. कमानीला पैसे मिळतात, चराला मिळत नाहीत.

दुपारी डबे उघडले तेव्हा वाद झाला, आणि तो मला दिवसातला सगळ्यात मोलाचा भाग वाटला. एका कॉलेजच्या मुलाने ऑइलपेंटचा डबा आणला होता. त्याला प्रत्येक पन्नास पावलांवर पांढरा बाण काढायचा होता. पावसाळ्यात धुक्यात माणसं चुकतात, हे त्याचं म्हणणं काही खोटं नव्हतं. त्याने दाखला दिला तोही चांगला होता. अमेरिकेत ॲपलेशियन ट्रेल नावाची साडेतीन हजार किलोमीटरची पायवाट आहे. बेंटन मॅकाय यांनी १९२१ मध्ये तिची कल्पना मांडली, १९३७ मध्ये ती पूर्ण झाली. चौदा राज्यांतून ती जाते, आणि सरकारी खातं असलं तरी रोजची निगा तीसेक स्थानिक मंडळांचे स्वयंसेवक राखतात. प्रत्येक मंडळाला आपापला तुकडा वाटून दिलेला. झाडांवरचे पांढरे पट्टे बघत माणूस दक्षिणेच्या जॉर्जियापासून उत्तरेच्या मेनपर्यंत चालत जातो. मग आपल्याकडे का नको?

गावातल्या तरुणांपैकी एकजण इतका वेळ गप्प होता. तो म्हणाला, ‘दादा, बाण काढलेत की लोक आम्हाला विचारायचे थांबतात.’ त्याचं पुढचं बोलणं मी माझ्या शब्दांत देतो. बाण नव्हते तेव्हा येणारे पाड्यावर थांबत, वाट विचारत, कुणी बरोबर येतं का विचारत. दोनशे-तीनशे रुपये मिळत, कुणाच्या घरी भाकरी-भाजी होई, आणि कोण वर गेलं, कोण उतरलं, हे गावाला कळे. बाण झाले की माणसं परस्पर जातात. रात्री जातात, वर चुली पेटवतात, प्लास्टिक टाकून येतात. कुणी पडला तर मात्र हाक गावालाच येते, झोळी करून खाली आणायला. म्हणजे कष्ट आमचे राहिले, फक्त विचारणं गेलं.

कुणी काही बोललं नाही. मला त्या क्षणी त्या दोन वाटांमधला फरक लख्ख दिसला. तिकडची वाट सुरुवातीपासूनच हौसेने चालणाऱ्यांसाठी आखलेली होती. आपल्याकडे, सह्याद्रीत काय किंवा हवेलीत काय, हौसेने चालणारा माणूस येतो तेव्हा वाट आधीच तिथे असते आणि तिला माणसं असतात. ती गुरांची वाट असते, लाकडांची असते, देवाची असते. तिच्यावर बाण काढणं म्हणजे दुसऱ्याच्या दारावर आपल्या हाताने पत्ता लिहिणं. शेवटी मास्तरांनी तोडगा काढला: बाण फक्त दोन ठिकाणी, जिथे चुकलं तर माणूस कड्याकडे जातो, आणि पायथ्याला गावानेच एक पाटी लावायची, वाटाड्या हवा असल्यास पाड्यावर विचारा म्हणून. मुलगा थोडा हिरमुसला, पण त्यानेच ते दोन बाण काढले, आणि चांगले काढले.

पुण्याजवळ सिंहगडावर जाणाऱ्यांना आठवत असेल, तिथे वाहनांकडून ‘उपद्रव शुल्क’ घेतलं जातं. घेरा सिंहगडची संयुक्त वन व्यवस्थापन समिती ते गोळा करते. सरकारी शब्द सहसा रुक्ष असतात, पण हा शब्द ज्याने योजला त्याला माझा नमस्कार. आपण डोंगरावर जातो तो आधी एक उपद्रव असतो. नंतर हवं तर पर्यटक, गिरीमित्र, दुर्गप्रेमी. त्या पैशातून तिथे राखणीला गावचीच माणसं ठेवता येतात. स्वयंसेवक रविवारी येणार आणि जाणार. पहिला मोठा पाऊस मात्र मंगळवारी रात्री पडू शकतो, आणि तुंबलेला चर मोकळा करायला बुधवारी सकाळी कुणीतरी लागतं. ते कुणीतरी गावातलंच असणार. त्याच्या हाताला मजुरी मिळाली पाहिजे; बाकीच्या गोष्टी नंतर.

परवानगीचा भाग थोडक्यात सांगतो, कारण पुष्कळ उत्साही गट तिथेच अडकतात. वनजमिनीवर आपल्याला वाटलं म्हणून पहार मारता येत नाही. वनखात्याची परवानगी लागते, आणि पुरातत्त्व खात्याकडे नोंद असलेला गड असेल तर त्या खात्याचीही. गावाच्या बाजूने एक कायदेशीर आधार आहे तो फार थोड्यांना माहीत असतो. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, पाण्याची टाकी यांच्याबरोबर रस्त्यासाठीही एक हेक्टरच्या आत वनजमीन देण्याची तरतूद आहे, आणि त्यासाठी ग्रामसभेची शिफारस लागते. म्हणजे सुरुवात ग्रामसभेपासून. बाहेरच्या गटाने अर्ज घेऊन थेट तालुक्याला जाण्यापेक्षा गावाने ठराव करणं, आणि गटाने अंगमेहनतीला जाणं, हा क्रम बरा.

२०२५ च्या जुलैत युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. आनंदच आहे. त्यात पालघर जिल्ह्यातला एकही नाही, आणि अशेरीला तसली मान्यता कधी मिळेल असं वाटत नाही. तेव्हा इथलं काम पुढेही अशाच पंचवीस-तीस जणांच्या आणि खोडकोन्याच्या माणसांच्या हातून व्हायचं.

खडोलीत परत आल्यावर आम्ही पाट्यांचा विषय बाजूला ठेवला. आधी काकांबरोबर टेकडीची वाट पुन्हा चाललो, या वेळी तांब्या घेऊन. काकांनी सात जागा दाखवल्या जिथे पाणी वाटेवर येतं. त्यातल्या दोन जागी पाणी वरच्या अंगाला केलेल्या सपाटीकरणामुळे येतं. तिथे आमच्या दगडांनी काही होणार नाही, तिथे बोलणी करावी लागतील. मोळीवाल्या बायांनी त्यांची मागणी सांगितली, ती आमच्या यादीत नव्हतीच: टेकडीच्या तोंडाशी, जिथे वाट डांबरी रस्त्याला मिळते, तिथे रस्त्याच्या कडेने दोनशे पावलं चालायला जागा हवी. बाकी वर काय करायचं ते करा, म्हणाल्या. काकांनी हे पंचायतीत मांडायचं कबूल केलं आहे आणि आमच्यातले दोघे त्यांच्याबरोबर जाणार आहेत. चरांचं काम मे महिन्यात, पहिल्या सरी यायच्या आत करायचं ठरलं. जूनच्या मध्याला पहिला जोराचा पाऊस झाला की लगेच दुसऱ्या दिवशी जाऊन बघायचं. कोण जाणार, याची पाळी लावली आहे. कारखान्यातली माणसं, पाळी लावणं आम्हाला चांगलं जमतं.

ज्यांना अशेरी बघायचा आहे त्यांच्यासाठी: महामार्गावर मस्तान नाक्याला उतरावं, पालघर स्टेशनहून मनोरच्या दिशेने येणाऱ्या एस.टी. आणि सहा आसनी रिक्षा मिळतात. तिथून खोडकोन्याला रिक्षाने. चढायला दीड ते दोन तास लागतात. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पावसाळ्यात शिडीखालचा कातळ शेवाळतो, नवख्यांनी जाऊ नये. वर कातळात खोदलेली पाण्याची टाकी आहेत, तरी प्यायचं पाणी खालूनच न्यावं. कचऱ्यासाठी एक पिशवी जवळ ठेवावी. आणि वर जायच्या आधी पाड्यावर थांबून वाट विचारावी, ती माहीत असली तरीही.